आठ वर्षांचा रक्तदाब आणि नामंजूर क्लेम

विमा कंपनीचं पत्र दोनच परिच्छेदांचं होतं. पहिल्यात लिहिलं होतं की रुग्णाला आठ वर्षांपासून उच्च रक्तदाब असल्याचं रुग्णालयाच्या केसपेपरवरून दिसतं, ही गोष्ट पॉलिसी घेताना सांगितलेली नाही, सबब क्लेम नामंजूर करण्यात येत आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की याच कारणासाठी आईचं विमासंरक्षण तीस दिवसांनी रद्द होईल आणि भरलेला हप्ता परत मिळणार नाही. बिल ३ लाख ६४ हजारांचं होतं. ते आम्ही भरलेलं होतं. पण मला खरी धास्ती बसली ती दुसऱ्या परिच्छेदाने. हृदयात दोन स्टेंट बसलेल्या, बासष्ट वर्षांच्या बाईला नवी पॉलिसी कोण देणार?

ते प्रकरण आता मिटलं आहे. तरी अजून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. 'आमचाही क्लेम असाच नाकारलाय, वकील बघू का', 'पत्र आलं म्हणजे संपलंच ना', 'बीपी लपवलं म्हणतात, आता काय करायचं'. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा घडलं तसं लिहून काढतो. मी वकील नाही. तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब लिहितो. पण त्या काही महिन्यांत पॉलिसीचं पुस्तक आणि विमा नियामकाची (आयआरडीएआयची) परिपत्रकं जितक्या वेळा वाचली, तितकं शाळेतसुद्धा काही वाचलं नव्हतं.

आधी तारखा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं राहिलं. आईची पहिली पॉलिसी मी नोव्हेंबर २०१८ मध्ये काढली, ३ लाखांची. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारा, मी आणि विमा आईचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली, म्हणजे आधीची वर्षं कायम ठेवून तिकडे हलवली, आणि विमा रक्कम ३ वरून ५ लाख केली. पोर्ट करताना नव्या कंपनीने सांगलीच्या एका लॅबमध्ये आईची तपासणी करून घेतली होती. त्या अहवालात रक्तदाब १२८/८२ आणि ईसीजी नॉर्मल. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये आईला चक्कर आली, गावातल्या डॉक्टरांनी बीपी तपासलं, ते वाढलेलं निघालं आणि गोळी सुरू झाली. त्या दिवसाची चिठ्ठी आईने देवघराच्या खणात ठेवली होती. तिची ती सवयच आहे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्यरात्री छातीत कळ आली म्हणून तिला मिरजेला हलवलं.

इथे एक प्रश्न बरेच जण विचारतात. पॉलिसी घेतल्यानंतर नवा आजार निघाला तर तो कंपनीला कळवावा लागतो का? प्रस्ताव अर्जातल्या प्रश्नांची उत्तरं ही त्या दिवशी तुम्हाला जे माहीत आहे त्याची असतात. नंतर निघालेला आजार त्या उत्तरांना मागे जाऊन खोटं ठरवत नाही. विमा रक्कम वाढवायची असेल किंवा कंपनी बदलायची असेल तेव्हा पुन्हा विचारतात, आणि तेव्हा मात्र सगळं सांगावंच लागतं. नुसत्या नूतनीकरणाच्या वेळी कळवायची अट आमच्या पॉलिसीत नव्हती. तुमच्या पॉलिसीत आहे का, ते एकदा बघून ठेवा.

कॅशलेसचं, म्हणजे कंपनीने बिल थेट दवाखान्याला देण्याचं म्हणाल, तर नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने पहिली मंजुरी एका तासात द्यायची असते आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत. आमच्या वेळी टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून, एकामागून एक शंका येत राहिल्या. 'बीपी केव्हापासून आहे त्याचा पहिला कागद पाठवा' ही त्यांतली शेवटची. तासगावच्या घरातली चिठ्ठी रात्रीतून मिरजेत कुठून येणार? सकाळी कॅशलेस नाकारल्याचा संदेश आला. दवाखान्याच्या काउंटरवर बसलेल्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, 'दादा, कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नसतं. बिल भरा, सगळे मूळ कागद घ्या आणि नंतर टाका.' त्या घडीला हे सांगणारी ती एकटीच होती. एक ठेव मोडली, उरलेले मेहुण्यांनी दिले आणि आईला घरी आणलं.

रिइम्बर्समेंटसाठी, म्हणजे भरलेलं बिल परत मिळवण्यासाठी, कागद पाठवल्यावर पंधरवड्याने तपासनीस घरी आला. माणूस सभ्य होता. हेल्मेट बाजूला ठेवून, चहा घेऊन त्याने आईशी गप्पा मारल्यासारखं बोलणं सुरू केलं. 'मावशी, बीपीची गोळी कधीपासून चालू आहे?' आई म्हणाली, 'लई दिस झालं की बाबा.' त्याने इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि कागद सहीसाठी आईपुढे केला. कागदाच्या तळाशी मराठीत छापलेलं होतं, 'वरील मजकूर मला वाचून दाखवला असून तो खरा आहे.' मी कागद हातात घेतला. वर लिहिलं होतं की रुग्ण दीर्घकाळापासून उच्च रक्तदाबाची असल्याचं स्वतः सांगते. मी म्हटलं, 'साहेब, दीर्घकाळ म्हणजे किती? हे खोडा आणि मार्च २०२२ पासून असं लिहा, चिठ्ठी दाखवतो.' त्याने थोडे आढेवेढे घेतले, पण लिहिलं. मग आईने सही केली आणि मी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुढे सुनावणीत हा फोटो उपयोगी पडला. आपल्याकडची माणसं 'लई दिस' कशालाही म्हणतात. चार महिन्यांच्या खोकल्यालासुद्धा.

तरीही पत्र आलं. त्यात आठ वर्षं कुठून आली, हा माझा पहिला प्रश्न होता. डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाचा उल्लेख होता, पण वर्षांचा नव्हता. म्हणजे ती नोंद आतल्या केसपेपरमध्ये असणार. डिस्चार्जच्या वेळी हे आतले कागद सहसा कुणाला देत नाहीत, पण मागितले तर द्यावे लागतात. डॉक्टरांच्या वर्तनाच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्यायला सांगितलं आहे. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, झेरॉक्सचे पैसे भरले आणि गठ्ठा घेऊन दवाखान्याच्या जिन्यातच वाचत बसलो.

दुसऱ्याच पानावर ती नोंद सापडली. रात्री अडीच वाजता दवाखान्यातल्या निवासी (आरएमओ) डॉक्टरांनी लिहिलेली पूर्वइतिहासाची ओळ होती, एचटीएन म्हणजे उच्च रक्तदाब, मग गुणिलेची खूण, मग ८ वर्षे. माहिती देणारा म्हणून मामांचं नाव. मी गाडी लावायला गेलो होतो तेव्हा मामा आईजवळ होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, 'अरे, त्यानं विचारलं किती वर्षं, मी म्हटलं असंल सात-आठ वर्षं. मला काय ठावं? तिचा जीव जातोय का राहतोय ते बघायचं का वर्षं मोजायची?' मामांचं काही चुकलं नव्हतं. रात्री अडीचला, बहिणीला स्ट्रेचरवर बघत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून निघालेल्या अंदाजावर कंपनीने पॉलिसी रद्द करायचं ठरवलं होतं.

मी पानं उलटत राहिलो. नवव्या की दहाव्या पानावर हृदयरोगतज्ज्ञांची सकाळची नोंद होती, आई शुद्धीवर असताना तिलाच विचारून घेतलेली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, रक्तदाब ३ वर्षांपासून, गोळीचं नाव आणि मात्रा. म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन नोंदी होत्या, आणि कंपनीच्या पत्रात त्यांतली एकच आली होती. कुणी कितीही सांगितलं तरी माझं एवढं नक्की मत झालं आहे, की क्लेम नाकारला गेला तर वकिलाच्या आधी संपूर्ण केसपेपर गाठावा.

मग कायद्याकडे वळलो. इथे थोडं सावकाश सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. पत्रात एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, आधीपासूनचा आजार आणि त्याचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ. दुसरी, माहिती लपवणं. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने होता, २०२४ च्या नियमांनी तो ३६ महिन्यांवर आणला. आमची पॉलिसी २०१८ पासून सलग होती, आणि पोर्ट केल्यावर आधीच्या कंपनीतली वर्षं धरली जातात. त्यामुळे बीपी खरोखर आठ वर्षांचं असतं तरी पहिल्या ३ लाखांपुरता प्रतीक्षाकाळ केव्हाच संपलेला होता. राहिला माहिती लपवल्याचा आरोप.

आणि तिथे मला मोरेटोरियम सापडला. आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिला, की त्यानंतर माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावर कंपनीला पॉलिसीवर किंवा क्लेमवर बोट ठेवता येत नाही. अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. पॉलिसीतच कायमचे वगळलेले आजार आणि मर्यादा अर्थातच लागू राहतात. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, एप्रिल २०२४ पासून ती पाच वर्षांची झाली. आयुर्विम्याला अशीच तरतूद विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये आहे, तिथे मुदत तीन वर्षांची आहे आणि तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणावर पॉलिसीला आव्हान देता येत नाही. नोव्हेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०२५ म्हणजे ६० महिन्यांहून बरंच जास्त. मी तो परिच्छेद आईला मराठीत समजावून सांगितला. ती म्हणाली, 'मग हे त्यांना ठाऊक न्हाई व्हय?' मला उत्तर देता आलं नाही.

पण एक खोच होती. विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागाचा मोरेटोरियम वाढवल्या तारखेपासून नव्याने मोजतात. म्हणजे आमचे पहिले ३ लाख पूर्ण सुरक्षित, आणि २०२१ मध्ये वाढवलेल्या २ लाखांना मात्र जेमतेम सव्वातीन वर्षं झालेली. बिल ३ लाखांच्या वर ६४ हजार होतं. तेवढ्यापुरतं, आणि पॉलिसी पुढे ५ लाखांचीच चालू राहावी यासाठीही, बीपी २०२१ नंतरचं आहे हे कागदावर दाखवणं भाग होतं. म्हणून 'साठ महिने झाले, विषय संपला' एवढ्यावर मी थांबलो नाही. ज्यांनी मध्ये रक्कम वाढवली आहे त्यांनी हा हिशेब वेगळा मांडावा.

या काळात सल्ले पुष्कळ मिळाले. एका नातेवाइकांचं म्हणणं, 'लपवलेल्या आजाराचा आणि ऑपरेशनचा संबंध नसेल तर क्लेम द्यावाच लागतो.' हे अर्धं खरं आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आयुर्विम्याच्या प्रकरणात असं म्हटलं होतं. माणूस हृदयविकाराने गेला होता आणि लपवल्याचा आरोप मणक्याच्या दुखण्याबद्दलचा होता. पण त्याच न्यायालयाने २००९ मध्ये आरोग्य विम्याच्या एका प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार न सांगितल्यामुळे क्लेम नाकारणं योग्य ठरवलं होतं. विमा द्यायचा की नाही, किती हप्त्याला द्यायचा, हे ठरवताना कंपनीला महत्त्वाची वाटेल अशी प्रत्येक गोष्ट सांगायला हवी, हा त्यातला मुद्दा. शिवाय बीपीचा आणि हृदयाचा संबंध नाही असं कोणत्या तोंडाने म्हणणार? तो मुद्दा मी घेतलाच नाही.

दुसरे एक जण ६ डिसेंबर २०२१ च्या निकालाची प्रत घेऊन आले. अमेरिकेला निघालेल्या एका गृहस्थांनी मधुमेह सांगून, वैद्यकीय तपासणी करून प्रवासी विमा घेतला होता. सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने कोलेस्टेरॉलच्या गोळीचं कारण काढून पैसे नाकारले. न्यायालयाने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. निकाल वाचण्यासारखा आहे. पण तिथे आजार सांगितलेला होता, म्हणून तो आमच्या प्रकरणाला तंतोतंत लागू होत नव्हता. मी त्याचा आधार एवढ्यापुरताच घेतला, की कंपनीने स्वतः तपासणी करून, सगळं पाहून पॉलिसी दिली होती.

आता पायऱ्या. पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. ती टाळून वर जाता येत नाही. मी ई-मेल केला, सोबत मार्च २०२२ ची चिठ्ठी, लॅबचा अहवाल, केसपेपरची दोन्ही पानं आणि सलग पॉलिस्यांच्या प्रती जोडल्या. तीन प्रश्न विचारले. आठ वर्षांच्या त्या एका ओळीशिवाय तुमच्याकडे कोणता पुरावा आहे? मोरेटोरियमची अट का लागू केली नाही? आणि हा नकार क्लेम रिव्ह्यू कमिटीने मंजूर केला आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०२४ च्या परिपत्रकाने असं ठरवलं आहे की कंपनीच्या उत्पादन समितीच्या किंवा तिच्यातल्या तीन जणांच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय एकही क्लेम नाकारता येणार नाही. हीच तक्रार मी नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकली. तिथे १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. पोर्टल स्वतः निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडेच पाठवतं, पण तिची नोंद नियामकाकडे राहते. कंपनीचं उत्तर आलं. पहिल्या पत्रातलेच शब्द, वरचा मायना तेवढा वेगळा. माझ्या तीनपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं.

त्यानंतर दोन वाटा होत्या, विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारे) किंवा ग्राहक आयोग. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि भरलेला हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मानसिक त्रासाची भरपाईही मागता येते. पण तारखा पडत जातात. लोकपालाकडे शुल्क नाही, वकील चालत नाही, आपणच बोलायचं, आणि सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. तिथे ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, २०२३ च्या आधी ही मर्यादा ३० लाख होती. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही तर आपण नंतर ग्राहक आयोगात जाऊ शकतो. उलट मात्र चालत नाही. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. मी लोकपाल निवडले, आणि आजही कुणी विचारलं तर साध्या, कागदांवर ठरणाऱ्या वादासाठी हीच वाट सांगतो. फसवाफसवीचे गुंतागुंतीचे आरोप असतील, साक्षीदार तपासायचे असतील, तर आयोग बरा.

तक्रार करायला कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत असते. कंपनीने एक महिन्यात उत्तरच दिलं नाही, तरी जाता येतं. सांगली जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो, नारायण पेठेत केळकर रस्त्यावर ते आहे. मी तक्रार ऑनलाइन भरली. तक्रारीत काय मागायचं ते नीट लिहावं लागतं. माझ्या दोन मागण्या होत्या. क्लेमची रक्कम व्याजासह, आणि पॉलिसी रद्द केलेल्या तारखेपासून खंड न पडता पुन्हा चालू करणं. दुसरी मागणी बरेच जण लिहायला विसरतात. पैसे मिळतात आणि माणूस विम्याविना राहतो.

तक्रारीला मी एकच पान मुख्य म्हणून लावलं. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला काय घडलं आणि शेवटी कोणत्या जोडपत्रात पुरावा आहे त्याचा क्रमांक. रोजच्या खतावणीसारखंच. त्याखाली जोडपत्रं त्याच क्रमाने. मोठमोठे शब्द कुठे घातले नाहीत.

सुनावणीच्या आधी कंपनीचं म्हणणं आलं. त्याला तिकडे सेल्फ कंटेन्ड नोट म्हणतात. ती नोट मागून घ्या, बारकाईने वाचा. आमच्या नोटमध्ये 'फसवणूक' हा शब्द पहिल्यांदाच उगवला होता. नकाराच्या पत्रात तो कुठेच नव्हता. तिथे फक्त 'जाहीर केलं नाही' एवढंच होतं. मोरेटोरियमला फसवणुकीचाच अपवाद आहे, म्हणून तो शब्द नंतर घातला गेला हे उघड होतं. नकाराच्या पत्रात जे कारण दिलेलं नाही त्याचा आधार कंपनीला नंतर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सांगितलं आहे. मी त्यावर अर्ध्या पानाचं उत्तर पाठवलं.

सुनावणी मोबाइलवरच झाली, व्हिडिओवर. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात दार लावून बसलो होतो. आई शेजारी होती, तिलाही बोलायचं होतं. कंपनीतर्फे एक अधिकारी आणि त्यांचे डॉक्टर होते. डॉक्टरांनी आठ वर्षांची ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले की रुग्णालयाची नोंद हाच सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो. लोकपालांनी विचारलं, 'याच फाइलमध्ये तज्ज्ञांची सकाळची नोंद आहे, ती तुम्ही पाहिली का?' ते म्हणाले, ती नंतरची आहे. 'आठ वर्षांपूर्वीची एखादी चिठ्ठी, औषधाचं बिल, कुठल्या दवाखान्याची नोंद, असं काही तुमच्या तपासनीसाला मिळालं?' नाही, म्हणाले. 'आणि नोव्हेंबर २०२१ चा हा तपासणी अहवाल तुमच्याच लॅबचा ना?' त्यावर अधिकारी म्हणाले की गोळी चालू असेल तर रक्तदाब नॉर्मल येऊ शकतो. मुद्दा चुकीचा नव्हता. म्हणूनच मार्च २०२२ ची चिठ्ठी लागली, कारण तिच्यावर डॉक्टरांनी 'नव्याने आढळलेला रक्तदाब' असं लिहिलं होतं आणि त्या दिवशीचा १६०/१०० हा आकडाही. गोळी आधीपासून चालू असती तर ती ओळ कशाला लिहिली असती? मग आईला बोलू दिलं. ती एवढंच म्हणाली, 'सायेब, मी खोटं लिवून दिलेलं न्हाई. तवा मला काय बी नव्हतं.'

निवाडा ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. त्यात म्हटलं होतं की पहिल्या ३ लाखांना मोरेटोरियम लागू आहे आणि फसवणूक सिद्ध झालेली नाही. वाढीव रकमेबाबत कंपनीचा सगळा भार एका तोंडी माहितीवर असून ती त्याच फाइलमधल्या दुसऱ्या नोंदीशी आणि कंपनीच्या स्वतःच्या तपासणी अहवालाशी जुळत नाही. माहिती लपवली हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची होती आणि ती पार पडली नाही. क्लेम पॉलिसीच्या अटींनुसार व्याजासह द्यावा, पॉलिसी खंड न पाडता पूर्ववत करावी. व्याज बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त असतं. निवाड्याची अंमलबजावणी तीस दिवसांत करायची असते, नाहीतर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये पॉलिसीधारकाला द्यावे लागतात. आमचे पैसे मुदतीत आले.

३ लाख ६४ हजारांतून साडेअकरा हजार कापले होते. हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचं जेवण, असं बरंच काही. तक्ता मागवला आणि ओळीओळीने तपासला. एक सोडून बाकीच्या कपाती पॉलिसीच्या यादीत बसत होत्या. त्या एका वस्तूसाठी पुन्हा ई-मेल केला, तेवढी रक्कम पुढच्या आठवड्यात जमा झाली. खोलीचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त असेल तर बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात होणारी आनुपातिक कपात आम्हाला लागली नाही, कारण खोली मर्यादेतलीच होती. ज्यांना लागते त्यांनी एवढं तपासावं की ती कपात औषधं, स्टेंटसारखी उपकरणं, तपासण्या आणि आयसीयूच्या भाड्यावरही लावलेली नाही ना. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती तिथे लावता येत नाही, तरी लावलेली बिलं मी पाहिली आहेत.

नोव्हेंबरात नूतनीकरण आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठल्यामुळे हप्ता कमी झाला होता. मेहुणे म्हणाले, 'एवढं झाल्यावर त्याच कंपनीत राहायचं? पोर्ट कर.' मी विचार केला. पोर्ट केल्यावर आधीची वर्षं सोबत येतात हे खरं. पण नवी कंपनी घेईलच असं नाही, आणि दोन स्टेंट आता अर्जात लिहावे लागणार. शिवाय ५ लाखांतल्या वाढीव २ लाखांचे साठ महिने नोव्हेंबर २०२६ मध्ये पूर्ण होतात. मी तिथेच हप्ता भरला आणि पावतीबरोबर एक पत्र पाठवलं. आईच्या नोंदीत रक्तदाबाची तारीख मार्च २०२२ अशी दुरुस्त करून तसं एन्डोर्समेंट, म्हणजे दुरुस्तीचा अधिकृत कागद, द्यावं, एवढंच त्यात लिहिलं. ते डिसेंबरात आलं. आता ते त्याच खणात चिठ्ठीबरोबर आहे.